हिटर

बेदाण्याच्या शेडमध्ये बनुबाईला घोणस चावली, तेव्हा नाथाजीने बायकोला उचलून मागच्या सीटवर झोपवलं आणि गाडी तासगावच्या दवाखान्याकडे सोडली. फौजेतून परतल्यावर घेतलेली ती जुनी डिझेल गाडी. माळावरच्या लांब चढाला इंजिन तापलं आणि काटा लाल पट्टीला जाऊन टेकला. आसपास चिटपाखरू नव्हतं. इंजिन चालूच ठेवून त्याने बॉनेट उघडलं. पाणी भरपूर होतं, गळती कुठेच नव्हती, पण रेडिएटरचा पंखा फिरत नव्हता. फ्यूज शाबूत होता, म्हणजे मोटरच जळाली होती. गाडी थंड होईपर्यंत थांबणं शक्य नव्हतं, आणि तशीच दामटली तर इंजिन वाटेतच बसलं असतं. मग त्याला आठवलं, की इंजिनाची उष्णता गाडीतला हिटरही ओढून घेतो. एप्रिलच्या भर उन्हात त्याने हिटर पूर्ण सोडला आणि सगळ्या काचा खाली केल्या. भट्टीसारखी हवा तोंडावर आली, शर्ट घामाने अंगाला चिकटला. "वाईच कळ काढ गं, लय गरम हुईल," तो म्हणाला. त्याने गाडी पुन्हा चढाला लावली. तो चढ संपेपर्यंत काट्याकडेच बघत राहिला. काटा थरथरला, मग हळूहळू खाली आला. समोर तासगावची घरं दिसू लागली. "उतरला बघ! आता काय काळजी न्हाई!" तो ओरडला. मागून तिचा आवाज आला, अगदी बारीक. "आवं, काचा लावा की. लय थंडी वाजतीया."