टर्बोची शीळ

"पूरा दबाइए अंकलजी, पूरा!" पेट्रोल पंपावरच्या प्रदूषण तपासणीच्या केबिनमधून सरदारजी ओरडले.

भालचंद्ररावांनी अ‍ॅक्सिलरेटरवर बूट टेकवला, झोपलेल्या बाळाला थोपटावं तसा. गाडी घेतल्यापासून ते पेडल त्यांनी तळापर्यंत कधी नेलंच नव्हतं. शेवटी सरदारजी बाहेर आले आणि खिडकीतून हात घालून त्यांनी भालचंद्ररावांचा गुडघाच खाली दाबला.

मागून जे निघालं त्याला धूर म्हणणं म्हणजे त्याचा अपमान. मयूर विहारात भर दुपारी अंधार पडला. कावळे घरट्याकडे निघाले. रांगेतल्या स्कूटरवाल्यानं दिवा लावला.

"फेल," सरदारजी खोकत म्हणाले. "इंजन है कि चूल्हा? टर्बो गाड़ी है अंकलजी, कभी भगाई भी है? कार्बन जमा है. हायवे पे दौड़ाके लाओ, फिर देखते हैं."

भालचंद्ररावांचा चेहरा उतरला. मुलाशी, चिन्मयशी, ठरलं होतं : आज पास झाली तर गाडी राहील; नाही तर उद्या सकाळी मायापुरीचा भंगारवाला.

"चला मग हायवेला," शेजारच्या सीटवरून अहिल्याबाई म्हणाल्या.

नोएडाचा नवा एक्सप्रेसवे मोकळा होता. दोन्हीकडे अर्धवट उभे टॉवर. भालचंद्ररावांनी काटा चाळिसाच्या वर जाऊ दिला नाही. ट्रक पुढे गेले, टेम्पो गेले, उसाचा ट्रॅक्टर गेला. मग एक म्हैस बरोबरीला आली, तिनं आत डोकावून पाहिलं आणि कंटाळून तीही पुढे गेली.

"अहो, दाबा ना जरा!"

"तिला त्रास होतो गं."

"तुमच्या लाडांनीच तिचं हे झालंय. थांबवा. उतरा खाली."

"तू चालवणार? बिल्कुल नाही! अगं, लायसन्स..."

"आहे. दर खेपेला रिन्यू करून आणते. तुम्ही कधी विचारलं नाहीत."

"क्लच जळेल!"

"जळू दे."

अहिल्याबाईंनी पदर खोचला, चष्मा सारखा केला आणि पाय तळाला नेला. गाडी आधी दचकली. मागे एवढा लोट सुटला की एका बिल्डरचा अख्खा टॉवर दिसेनासा झाला. मग लोट विरळ झाला, राखाडी झाला, आणि मागचा रस्ता लख्ख दिसू लागला. म्हैस, ट्रॅक्टर, टेम्पो, ट्रक, सगळे एकेक करून मागे पडले. बॉनेटखालून बारीक शीळ यायला लागली.

"हा कसला आवाज?" वरचं हँडल दोन्ही हातांनी धरून भालचंद्ररावांनी विचारलं.

"टर्बो. तुमच्यासमोर कधी बोलली नसेल बिचारी."

पंपावर सरदारजींनी पुन्हा नळी घातली. त्यांनी सांगायच्या आतच अहिल्याबाईंनी पेडल दाबलं. मशीनवरचा आकडा पाहून सरदारजींनी मशीनलाच दोन चापट्या मारल्या, पुन्हा पाहिलं.

"पास! आंटीजी, कमाल है!"

भालचंद्रराव खाली उतरून चिन्मयशी फोनवर बोलले. "त्या भंगारवाल्याला नको म्हणून सांग. हो, हो, आपलीच गाडी!" मग नाक पुसून त्यांनी ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं.

"सरक."

अहिल्याबाईंचे हात स्टिअरिंगवरच होते.

"तिकडून बसा," त्या म्हणाल्या. "आणि बेल्ट लावा."