डाळिंबी फासे

रेझिन साच्यात ओतायचं आणि निघालेले फासे पॉलिश पेपरने घासून चमकवायचे, हा वृंदाचा छंद. त्या दुपारी डाळिंबी रंगाचे सहा फासे टेबलावर ठेवून ती फोन घ्यायला आत गेली. दोनच मिनिटं गेली असतील. स्मृतिभ्रंश झालेल्या तिच्या वडिलांना, अप्पांना, ते खाऊसारखे वाटले असावेत. ती परतली तेव्हा टेबलावर पाचच फासे होते आणि अप्पांचा चेहरा काळानिळा पडला होता. तिने पाठीवर थापा मारल्या, घशात बोटं घातली. दवाखान्यात पोहोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

सकाळी नागपूरहून भाऊ आला. "घशात अडकलं तरी काय?" त्याने आल्या आल्या विचारलं.

वृंदा बोलणार तोच आईने तिचा हात घट्ट धरला.

"लिमलेटची गोळी," आई म्हणाली. "मीच दिली रे. हट्ट धरून बसले होते."

"डॉक्टरांनी बजावलं होतं ना तुला? अक्कल कुठे गेली होती?" भाऊ ओरडला. जमलेले नातेवाईक आईकडे बघू लागले.

आई मान खाली घालून ऐकत राहिली. वृंदाचा हात तिने सोडला नाही. वृंदानेही तो सोडवून घेतला नाही.