आधार नसलेलं वाक्य

“शेवटून दुसरं वाक्य मी काढून टाकलं, मास्तर. चुकलं तर नाही ना?”

फोनवर नव्या संपादिकेच्या आवाजात धाकधूक होती. दिवसा प्रयोगशाळेत नोकरी करून ती फावल्या वेळात इंटरनेटवरच्या एका विज्ञानकोशातले लेख विनामोबदला तपासून द्यायची. हा तिचा पहिलाच लेख. तो कसा जमलाय हे सांगायचं काम मास्तरांचं. शाळेतून निवृत्त झाल्यापासून कोशात नव्याने येणाऱ्या सगळ्यांना त्यांनीच हाताला धरून शिकवलं होतं.

मास्तरांनी चष्मा पुसला आणि लेख पुन्हा पहिल्यापासून वाचला. फुप्फुसं हळूहळू आखडत जातात, त्या आजारावरचा लेख. पोरीनं काम चोख केलं होतं. अवघड शब्द सोपे केलेले, पाल्हाळ कापलेलं. आणि शेवटाकडचं ते वाक्य गायब: ‘मात्र योग्य काळजी घेतल्यास अनेक रुग्ण पुढे पंधरा-वीस वर्षं सुखाने जगतात.’

“का काढलंत?” त्यांनी विचारलं.

“त्याला आधारच नव्हता. मी खूप धुंडाळलं. एकाही अभ्यासात तसं सापडलं नाही, उलटंच सापडलं. कुणीतरी मनानेच घातलेलं दिसतंय.” मग तिनंच विचारलं, “वाचणाऱ्याला उगाच आशेला लावून ठेवायचं, बरं नाही ना ते?”

आतल्या खोलीत ऑक्सिजनचं यंत्र घरघरत होतं. ते वाक्य मास्तरांनीच घातलं होतं. बायकोच्या आजाराचं नाव कळलं आणि डॉक्टर जे म्हणाले ते तिला सांगायला जीभ रेटेना, तेव्हा. ती टॅबलेटवर तोच लेख काढून वाचत पडायची. त्या वाक्यापाशी आली की तिचा चेहरा निवतो, असं त्यांना वाटायचं.

एक बटण दाबलं असतं तर वाक्य परत जागेवर आलं असतं. मास्तरांना जाब विचारणारं कोशात कुणी नव्हतं. ‘नवीन आहात, जरा दमानं घ्या,’ एवढं ऐकवलं असतं तरी पोरगी गप्प बसली असती. त्यांचं बोट बटणापर्यंत गेलंही.

“मास्तर? आहात ना?”

“आहे.” त्यांनी बोट मागे घेतलं. “बरोबर केलंत. आधार नसेल तर ठेवायचं नाही. कुणीही लिहिलेलं असो.”

“हुश्श! मला वाटलं, आता बोलणी खावी लागणार.” ती हसली आणि पुढच्या लेखाबद्दल भरभरून बोलू लागली. मास्तर नुसते हं हं करत राहिले.

फोन ठेवून ते आत गेले. टॅबलेट बायकोच्या छातीवर उघडाच होता.

“अहो, ते वाक्य काढलंत तुम्ही,” ती म्हणाली.

मास्तर खाटेच्या कडेला टेकले. “कुठलं?”

“आता सोंग नको. तुम्हीच लिहिलेलं ते. इतकी वर्षं संसार केला, तुमचं ‘मात्र’ मला ओळखू येत नाही होय?” बोलता बोलता तिला धाप लागली. दम खाऊन ती पुढं म्हणाली, “तुम्हाला बरं वाटतंय म्हणून मी विषय काढत नव्हते. रोज बघायचे, अजून आहे का. आज काढलंत. बरं केलंत. आता बोलता तरी येईल.”

काढणारा मी नव्हे, असं सांगायला त्यांनी तोंड उघडलं. तिनं त्यांच्या हातावर हात ठेवला. गार होता. त्यांनी तोंड मिटलं.

“मुलीला फोन लावा,” ती म्हणाली. “सुट्टी लागली की येते म्हणालीय ना, तोवर थांबू नकोस म्हणावं.”

मास्तरांनी फोन लावला. पलीकडे रिंग वाजू लागली, तसा तिनं हात पुढं केला.

“इकडे द्या. तुम्ही परत काहीतरी जोडाल.”