बिनफवाऱ्याचा दुधी

रस जिभेच्या टोकाला लागला आणि सुनेचे ओठ आपोआप मिटले. एवढासा थेंब, पण त्याचा कडूपणा घशापर्यंत जाऊन तिथंच चिकटून बसला.

"बाबा, हा कडूजहर आहे हो. नका घेऊ."

सासरे ओट्याशी मिक्सरचं भांडं विसळत होते. उभा जन्म लिफ्ट दुरुस्त करण्यात गेलेला माणूस; हातातलं काम संपल्याखेरीज वळून बघायची सवयच नव्हती. "कडू ते औषध," ते पाठमोरेच म्हणाले. "तुम्हा पोरांच्या जिभा साखरेनं बिघडल्यात."

बाल्कनीतल्या दुधीच्या वेलीवर त्यांचा जीव होता. उन्हाळ्यात नळाला धड पाणी येत नव्हतं, तेव्हा ती सुकली. त्यात अळ्यांनी पानांची पार चाळण केली. फवारा मारा, असं जो तो सांगत होता, पण बाबा बधले नाहीत. "खायच्या जिनसेवर विष मारू? माझ्या घरात?" रोज सकाळी चष्मा लावून ते एकेक अळी वेचायचे. मग अळ्या आपल्याआपणच कमी झाल्या. पानांच्या कडा जरा कुरतडायच्या आणि सोडून द्यायच्या. पुढं त्या दिसेनाशाच झाल्या. वेल तरारली, तिला लांबसडक, तुकतुकीत दुधी लागले. "हिनं आपलं आपण निस्तरलं," येणाऱ्याजाणाऱ्याला ते कौतुकानं सांगत. "कुणाची मिनतवारी केली नाही."

आज त्यांनी स्वतः दुधी सोलला, किसला, रस गाळला आणि पहिला पेला तिच्या हातात दिला. नको कसं म्हणायचं? ते फडकं वाळत घालायला बाल्कनीत गेले तेवढ्यात तिनं पेला मोरीत रिकामा केला आणि वरून पाणी सोडलं.

"संपवलास?" परत आल्यावर त्यांचा चेहरा उजळला. "मग? मेलीस का?"

"नाही," ती हसली.

"उगीच मला घाबरवलंस. खरं सांगू? पहिल्या घोटाला मीही दचकलो होतो. म्हटलं, हा तर कारल्याचाही बाप दिसतोय. पण तू घेतलास, मग मी काय मागं राहतो!"

त्यांनी आपला पेला एका दमात रिकामा केला. पातेल्यात उरलेला रसही टाकवेना म्हणून तोंडाला लावला. तिनं बोलायला तोंड उघडलं होतं. पण एवढ्यानं काय होतंय, असं म्हणून ती कपड्यांच्या घड्या घालायला आत गेली.

घड्या अर्ध्यावरच राहिल्या. पहिल्या उलटीला ते स्वतःच म्हणाले, "पित्त पडलं, बरं झालं." नंतरच्या उलटीला त्यांना उभं राहवेना. मग बेसिनमध्ये रक्त दिसलं.

इस्पितळात डॉक्टरबाईंनी सगळं ऐकून घेतलं. पलंगाशेजारी सलाइनच्या दोन बाटल्या लटकत होत्या आणि यंत्रावरचा रक्तदाबाचा आकडा खाली खाली येत होता.

"वेलीला कीड लागली होती का? पाण्याचा ताण पडला होता?"

"दोन्ही."

"अशा वेळी वेल कधीकधी फळात विष भरते. जीव वाचवायला." डॉक्टरबाईंनी आकड्याकडे पाहिलं. "समोर अळी आहे की माणूस, ते तिला कुठलं कळायला. तुम्ही किती घेतलात?"

सुनेनं पलंगाकडे बघितलं. बाबांचे डोळे मिटलेले होते.

"मी घेतला नाही. ओतून दिला."

बाबांचे डोळे उघडले. ते रागावले असते तर तिला सोसलं असतं. त्यांनी नुसतं तिच्याकडे पाहिलं, बिघाड नेमका कुठं आहे ते सापडल्यावर मेकॅनिक बघतो तसं, आणि मान दुसरीकडे फिरवली.

"उकळला, शिजवला तरी ते विष जात नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "त्या वेलीचं आणखी कुणी खाल्लंय?"

"नाही," ती चटकन म्हणाली. "पहिलाच दुधी होता."

पलंगावरून कुजबुज आली. ती वाकली.

"दुसरा," बाबा म्हणाले. ओठ कोरडे पडले होते. "पहिला काल... फिरायला गेलो तेव्हा... तुझ्या आईला दिला. म्हटलं, विहीणबाईंचा मान पहिला."

तिनं तिथूनच आईला फोन लावला. आई एकटी राहायची, सकाळी लवकर स्वयंपाक उरकून मोकळी व्हायची. घंटा वाजत राहिली. बंद झाली. तिनं पुन्हा लावला. डॉक्टरबाई दारात थांबल्या होत्या.

"अगं, केव्हापासून वाजतोय, मी जरा आडवी झाले होते," आईचा आवाज नेहमीसारखाच, पण किंचित दमलेला. "काय गं, आज कामाच्या वेळी फोन?"

"आई, बाबांनी काल दुधी दिला ना? कुठंय तो?"

"दिला की! केवढ्या कौतुकानं घेऊन आले बिचारे. हातानं वाढवलाय, फवारा म्हणून मारला नाही, म्हणाले." आई हसली. "कडू निघाला गं थोडा. पण मुलीच्या सासरचं आलेलं, टाकायचं कसं? जरा जास्त गूळ घातला आणि संपवला सगळा."