पिस्टनची साक्ष

डिझेल आणि तेलाचं मिश्रण बोटीच्या मोटारीच्या सिलिंडरात चार दिवस मुरलं, तरी पिस्टन तसूभर हलला नव्हता. शालिकरामांनी बाभळीचा ठोकळा त्याच्या माथ्यावर टेकवला आणि लाकडी हातोड्याचा बेताचा ठोका घातला. आवाज भरीव आला. म्हणजे अजून घट्ट.

"राहू द्या ना बाबा," त्यांची सून दामिनी म्हणाली. "मी सांगतलं ना, तेल टाकाचं इसरली मी. आता खोलून काय भेटनार हाय?"

"कबुली म्हणजे पुरावा नव्हे. स्टोव्ह पेटव."

अकोल्याच्या शाळेत उभी हयात विज्ञान शिकवलेला हा माणूस सुनेच्या शब्दापेक्षा लोखंडाच्या साक्षीवर विसंबणारा होता.

बाळापूरजवळच्या त्या गावात त्यांचा भाजीचा मळा नदीपलीकडे होता. जुन्या शहरातल्या भंगारवाल्याकडून आणलेली ही मोटार बोटीच्या पाठीला लावून त्यांचा एकुलता मुलगा जीवन रोज वांगी-कोथिंबीर अलीकडे आणी. मोटार जुन्या धाटणीची. पेट्रोलातच तेल मिसळावं लागे. ते नसलं की पिस्टन तापून सिलिंडरला चिकटलाच म्हणून समजा. हिवाळ्यापासून जीवनला झोप लागत नव्हती. अमरावतीच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या. झोप न लागणं हा आजार नव्हे, श्रम कमी पडल्याचं लक्षण आहे, असं शालिकरामांचं त्यावर मत होतं. पण जागरण झालेल्या माणसाच्या मापावर भरवसा नको, म्हणून तेल मिसळायचं काम दामिनीनं आपल्याकडे घेतलं होतं.

श्रावणातल्या पुरात जीवन एकटाच बोट घेऊन निघाला. तिसऱ्या दिवशी बोट खालच्या बाभळीच्या बनात अडकलेली सापडली, मागची बाजू पाण्यात. जीवन त्याहूनही खाली सापडला. मासे धरणाऱ्या नत्थुजींनी मोटारीची दोरी ओढून पाहिली, ती हलेना. "जाम झाली बाप्पा. तेल नसंल," ते म्हणाले. कुणी काही विचारायच्या आत दामिनी म्हणाली, "इसरली मी."

तेव्हापासून जीवनची आई मैनाबाई सुनेच्या हातचं पाणी पीत नव्हत्या. तेरवी झाली आणि त्यांनी आपलं म्हणणं एकदाच सांगून टाकलं : "तेल होतं असं निंगालं, तर मी तिचे पाय धरीन. नाई तर तिनं या घरात राहू नाई."

आज वलगावहून दामिनीचा भाऊ रोहित तिला न्यायला आला होता. अंगणात उभा राहून तो बराच वेळ हातोड्याचे ठोके ऐकत होता.

"मास्तर, माह्या बहिनीवर परयोग करून राहिले का तुमी?"

"मोटारीवर," शालिकराम मान वर न करता म्हणाले. "बहिणीसाठी."

"गाडी चुकंल आमची."

"तर उद्याच्या गाडीनं जा. नाही तर जाऊच नका."

रोहित पुटपुटत पिशव्या घेऊन फाटकाबाहेर गेला.

शालिकरामांनी सिलिंडरभोवती स्टोव्हची ज्योत फिरवली. तापलं की सिलिंडर फुगतो, पिस्टनची पकड सुटते. त्यात नवससायासाचा भाग नाही. मग ठोकळा, मग हातोडा. पाचसात ठोक्यांनंतर आवाज बदलला. त्याला पोकळपणा आला. पिस्टन किंचित खाली सरकला.

"धर," ते म्हणाले. दामिनीनं मोटार दाबून धरली. त्यांनी बोल्ट काढून सिलिंडर वर ओढला, पिस्टन फडक्यानं पुसला आणि मोटार उन्हाकडे वळवली.

तेलाविना चिकटलेल्या पिस्टनवर उभे ओरखडे असतात, धातू फासला गेलेला असतो. इथे एकही ओरखडा नव्हता. अंग काचेसारखं गुळगुळीत. पिस्टनभोवतीच्या कड्यांपाशी तेवढा तांबड्या गंजाचा पट्टा होता. तो पुराच्या पाण्याचा, बोट बनात पडून असतानाचा.

ते दामिनीकडे वाकून हळूच म्हणाले,

"तेल होतं, पोरी. चालताना जाम झालीच नाही ही. तुझी काही चूक नाही."

दामिनी हसली नाही. रडलीही नाही. तिनं फडकं उचललं आणि हातांची काजळी पुसत राहिली.

"मग खोटं काहून बोलली व?" त्यांनी विचारलं. आणि आयुष्यभराच्या सवयीनं पुढचा प्रश्न आपसूक तोंडातून निघाला. "मग मोटार थांबली कशानं?"

दामिनीनं ओसरीकडे पाहिलं. मैनाबाई पाठमोऱ्या बसून तांदूळ निवडत होत्या.

"बोट बनात सापडली तवा तिच्यावर पयले मी चढली होती, बाबा," ती खालच्या आवाजात म्हणाली. "नत्थुकाका मांगून आले. पेट्रोलचा कॉक बंद होता. मी उघडून ठेवला."

शालिकरामांचा हात मोटारीला पेट्रोल सोडणाऱ्या त्या पितळी कॉककडे गेला. तो कडक होता. धक्क्यानं किंवा लाटेनं फिरणारा नव्हता. तो बंद केला, तरी आत उरलेल्या पेट्रोलवर मोटार मिनिटभर चालत राहते. मनात आलं तर तेवढ्या वेळात तो पुन्हा उघडता येतो. जीवननं तो उघडला नव्हता.

"निंगाला का जी?" ओसरीवरून मैनाबाईंनी विचारलं. त्या उठून उभ्या राहिल्या होत्या, पदरात तांदूळ तसेच. "काय निंगालं?"

शालिकरामांनी तोंड उघडलं.

"कोरडा निंगाला, आई," दामिनी म्हणाली. "तेल नव्हतंच."