उजवीकडची खुर्ची

टेलरमास्तरांनी मुद्दाम कपाटाला लागून खुर्ची घेतली होती. उजवीकडे कपाट असलं की त्या बाजूला कोणी बसणार नाही, आणि कोणी बसलं नाही की कोणासाठी प्रार्थनाही करावी लागणार नाही. ह्या प्रार्थनासभेची रीतच तशी होती. हात धरून गोल बसायचं आणि प्रत्येकानं आपल्या उजवीकडच्या माणसासाठी मोठ्यानं प्रार्थना करायची. आज सभा त्यांच्याच घरी होती, नाहीतर मास्तर कसले येतायत!

वेल्डर नेहमीसारखा उशिरा आला. आला तो सरळ दोन्ही हातांनी कपाट बाजूला रेटून, खुर्ची मध्ये घुसवून मास्तरांच्या उजवीकडे बसला.

"काय मास्तर, माझ्यापासून लपतोस होय?"

मास्तरांनी सरकलेल्या कपाटाकडे पाहिलं. दोन्ही हातांनी! तेच त्यांच्या डोळ्यांत खुपलं. अर्धांगाचा झटका दोघांना एकाच हिवाळ्यात आला होता. उजवा हात दोघांचाही गेला होता. सभेत दोघांची नावं एका दमात घेतली जायची. प्रार्थना एकच, देव एकच, आणि वेल्डरचा हात उठला. मास्तरांचा मुठीत मिटला तो मिटलाच. "एका पाकिटात दोन अर्ज घातले, वरच्यानं एकच वाचला आणि पाकीट फेकून दिलं," असं मास्तर बायकोला म्हणाले होते. तेव्हापासून त्यांनी प्रार्थना सोडली आणि हाताचा व्यायामही सोडला. मूठ रोज उघडली नाही तर ती कायमची मिटेल, असं व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी बजावलं होतं. मिटू दे, मास्तर म्हणाले होते. शिलाई मशीनवर बायकोनं चादर घालून ठेवली होती.

पाळकांनी सुरुवात केली. हात हातात गेले. मास्तरांची मूठ मांडीवर पडली होती. वेल्डरनं आपल्या डाव्या हाताची दोन बोटं कशीबशी त्या मुठीत सरकवली.

फिरत फिरत पाळी मास्तरांच्या बायकोवर आली. मास्तर तिच्या उजवीकडे होते. ती म्हणाली, "प्रभू, ह्यांच्या हाताचं तू बघशील तेव्हा बघ. आधी ह्यांचं तोंड उघड. घरात भिंतीशी बोलून बोलून मी दमले. आमेन."

कोणीतरी हसू दाबलं. आता पाळी मास्तरांची होती.

"प्रभू," मास्तर म्हणाले. पाळकांनी डोळे किलकिले करून पाहिलं.

"ह्याचा हात बरा झाला. मला बघवत नाही. ह्यानं कप उचलला तरी माझा जळफळाट होतो. परवा हा रस्त्यात घसरून पडला, तेव्हा मला बरं वाटलं. दोघांचं मागणं एकदमच केलं होतं ना रे तुझ्याकडं? मग मीच काय घोडं मारलं होतं? आता तुझ्याकडे मागायला मला तोंड नाही. आणि दुसऱ्या कोणाकडे जाऊ? आमेन."

कोणीच आमेन म्हणेना. बायकोनं डोळे घट्ट मिटून घेतले. मग वेल्डर खणखणीत आवाजात म्हणाला, "आमेन."

त्यानं आपल्या उजवीकडच्या आजींच्या गुडघ्यांसाठी प्रार्थना केली, आणि गोल पुढे सरकला.

सभा संपली. सगळ्यांचे हात सुटले. वेल्डरचा सुटेना.

"सोड की आता," वेल्डर म्हणाला.

"मी कुठं धरलंय? मूठच सोडत नाही."

वेल्डरनं हिसका दिला. मूठ आणखी आवळली.

"ओढू नकोस रे!" मास्तर ओरडले. "ओढलं की जास्तच आवळते. आधी मनगट खाली वाकवायचं. मग अंगठा बाहेर घ्यायचा. बोटं शेवटी."

"हे सगळं येतंय तुम्हाला?" बायको चहाचा ट्रे घेऊन जागीच उभी राहिली.

वेल्डरनं आपला उजवा हात पुढे केला. मास्तरांनी तो आज पहिल्यांदाच इतक्या जवळून पाहिला. हात मास्तरांचा अंगठा धरायला गेला आणि घसरला. पुन्हा गेला, पुन्हा घसरला.

"कपाट रेटता येतं," वेल्डर हळूच म्हणाला. "वेल्डिंगची कांडी अजून धरवत नाही."

आता आपल्याला बरं वाटेल, म्हणून मास्तर थांबले. वाटलं नाही.

"तो हात घे बाजूला," ते म्हणाले. "तुझं काम नाही ते."

त्यांनी डाव्या हातानं आपलं मनगट वाकवलं. कळ आली. अंगठा बाहेर घेतला. मग करंगळी, तिच्या शेजारचं, मधलं. कपाळावर घाम आला. आजी चहा विसरून बघत बसल्या. शेवटचं बोट निघालं तेव्हा तळहातावर नखांचे खोल वण दिसले. कित्येक दिवसांत मास्तरांनी तो तळहात पाहिला नव्हता.

वेल्डरची बोटं लाल झाली होती. त्यानं ती चोळली, झटकली. पण तो खुर्चीवरून उठला नाही. मास्तरांचा पंजा हळूहळू परत मिटू लागला होता. तो पुरता मिटायच्या आत वेल्डरनं आपली दोन बोटं पुन्हा आत घातली.

"चल," तो म्हणाला. "सोडव मला."