चंदरच्या मांडवातली मंडळी

मिशनचे पाळक रामचंद्र मांडवाच्या दारातच थांबले. म्हसळ्याहून बैलगाडीने आले होते. काळा कोट घामाने पाठीला चिकटला होता. आत वाळूवर चटया टाकून पंधरा-वीस माणसं गोल बसली होती. मधल्या परातीत तांदळाच्या भाकऱ्या, शेजारी तांब्यात आमसुलाचं लाल पाणी. महारवाड्यातली बायजा भाकरी मोडत होती.

"रावजी मास्तर, हे काय चाललंय?"

रावजी उठला. पूर्वी तो मिशनच्या शाळेत शिकवायचा. आता दर रविवारी या मांडवात उपासना घ्यायचा. मांडव चंदर कोळ्याचा, होडी आणि जाळी ठेवायचा. चंदरचा बाप्तिस्मा झालेला नव्हता. तो यायचा, टाळ घेऊन बसायचा, एवढंच.

"प्रभुभोजन," रावजी म्हणाला. "या ना, बसा."

"भाकरीचं?"

"प्रभूच्या गावात जे पिकत होतं ते त्यानं मोडलं. आमच्याकडं भात पिकतं."

पाळकांनी एकेक चेहरा न्याहाळला. "यातल्या कितीजणांचा बाप्तिस्मा झालाय?"

"विचारलं नाही."

"विचारलं नाही!" पाळकांचा आवाज चढला. "वेदी नाही, घंटा नाही, कोण आत आलं नि कोण बाहेर गेलं याचा पत्ता नाही. हे मंदिर नव्हे. आणि ही काही ख्रिस्ताची मंडळी नव्हे."

"मंग आमी कोण?" बायजाने विचारलं.

पाळकांनी तिच्याकडे पाहिलंही नाही. "मिशनच्या साहेबांचा निरोप ऐकून घे, मास्तर. हा प्रकार आज बंद झाला नाही तर तुझं नाव मंडळीतून काढतील. तुझ्या आईला मिशनच्या कबरस्तानात माती मिळायची नाही."

सगळ्यांच्या नजरा आवडाबाईंकडे गेल्या. रावजीची आई बायजाच्या शेजारी बसली होती. दोन्ही डोळे गेलेले.

"मी अजून जिती हाय, पाळकबाबा," ती म्हणाली.

कोणीतरी हसलं. रावजी हसला नाही.

तेवढ्यात बाहेर गलका झाला. कोळीवाड्यातले आठ-दहा जण आले. पुढे चंदरचा थोरला भाऊ कान्हा. त्याच्या हातात कोयता होता.

"चंदर, भाईर ये."

चंदर हलला नाही.

"म्हारणीच्या हातचं खातोस नि आमच्यात वागतोस? पंचांनी ठरवलंय. ह्यो मांडव आज पाडायचा. तू उठला न्हायस तर उद्यापासनं तुझ्या होडीला कोण हात लावायचा न्हाय."

एकट्याने होडी वाळूवर ओढता येत नाही. हे तिथं बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

कान्हाचं लक्ष काळ्या कोटाकडे गेलं. "तुमी यांचे गुरू काय?"

"मी यांचा कोणी नाही," पाळक घाईने म्हणाले. "पाडायचा तर पाडा. मिशनची हरकत नाही."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. कान्हाने मान हलवली, पाळकांनीही.

आवडाबाईंच्या दुसऱ्या बाजूला बसलेल्या रंगूने पोर काखोटीला मारलं आणि ती मान खाली घालून निघून गेली. तिच्यामागून मिठागरातलं एक जोडपं उठलं. मग आणखी तिघे. कोणी कोणाला अडवलं नाही.

चंदरने टाळ खाली ठेवले. तो उठला आणि भावासमोर जाऊन उभा राहिला. कान्हाचा चेहरा सैलावला. चंदरने त्याच्या हातातला कोयता घेतला आणि तो खांबावर चढू लागला.

"अरं, काय करतोस?"

"मांडव माझा. पाडायचा तर मीच पाडीन."

काथ्याच्या गाठी एकेक करून तुटत गेल्या. चंदर झावळ्या बाहेरच्या अंगाला ढकलत होता, खाली कोणाच्या डोक्यावर पडू नयेत म्हणून. वरचं झाल्यावर त्याने बाजूच्या कुडाच्या भिंतीही सोडवल्या. मग खाली उतरून त्याने कोयता भावाच्या हातात परत दिला.

"घे. झाला तुमचा मांडव पाडून. मानसं बसलीत, ती बसू दे."

चैत्राचं ऊन सगळ्यांवर सारखं पडलं. आता दार कुठे होतं ते कळत नव्हतं. पाळकांचे बूट चटईच्या काठावर आले होते. कोळी एकमेकांकडे बघत वाळूत उभे होते.

बायजा उठली. तिने भाकरीचा तुकडा पाळकांपुढे धरला.

"घ्या. लांबनं आलात."

पाळकांनी हात कोटाच्या खिशात घातले. ते वळले आणि गाडीकडे चालू लागले.

बायजा कान्हाकडे वळली. "दादा, तुमी?"

कान्हाने तिच्या हातावर फटका मारला. तुकडा वाळूत पडला.

"आजपास्नं तू मला मेलास," तो चंदरला म्हणाला. तो गेला. त्याच्यामागून त्याच्याबरोबर आलेले सगळे गेले.

बायजाने तुकडा उचलला, फुंकर मारली आणि स्वतःच्या तोंडात टाकला. वाळू दाताखाली कचकचली. ती चावत राहिली. चंदर तिच्या शेजारी येऊन बसला. त्याची नजर किनाऱ्यावरच्या आपल्या होडीकडे होती.

रावजीने प्रार्थना सुरू केली. प्रार्थनेला ते एकमेकांचे हात धरत. आवडाबाईंनी आपले दोन्ही हात पसरले. एक बायजाने धरला. दुसरा चटईवर चाचपडत राहिला.

"हितं कोण होतं?"

"रंगू," रावजी म्हणाला. "गेली, आये." आणि तो आईकडे सरकायला लागला.

"सरकू नको," म्हातारी म्हणाली, आणि तिने हात तसाच रंगूच्या मोकळ्या जागेवर ठेवला.